रिकाम्या इमारतीत भरलेली शाळा

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात एक मोठं तंत्रविद्यापीठ आहे. १३ मे २००८, मंगळवार. पेंटेकॉस्ट सणाची जोडसुट्टी संपवून विद्यार्थी आणि प्राध्यापक सकाळी कामावर परतत होते. वास्तुकला विभागाच्या तेरा मजली इमारतीत, सहाव्या मजल्यावर, गळतीचं पाणी कॉफीच्या यंत्रात शिरलं आणि शॉर्टसर्किट झालं. तिथून आग पसरली. इमारत वेळेत रिकामी झाली, कुणाचाही जीव गेला नाही. अग्निशमन दलाला मात्र आत थांबणं अशक्य झालं. इमारत कोसळण्याची भीती होती, म्हणून जवानांना मागे यावं लागलं. दुपार उलटल्यावर तिचा एक भाग खरोखरच खाली आला.

ही इमारत साधीसुधी नव्हती. फान डेन ब्रुक आणि बाकेमा या नामवंत डच वास्तुविशारदांनी तिची रचना केली होती आणि १९७० साली ती पूर्ण झाली होती. वर्षाचा अभ्यासक्रम संपत आला असताना विद्यार्थ्यांची मॉडेलं, ड्रॉइंगं आणि संगणकात साठवलेलं काम जळून गेलं. काही प्राध्यापकांची अनेक वर्षं जमवलेली टिपणं गेली. ग्रंथालय मात्र खालच्या भागात होतं. तिथली हजारो पुस्तकं आणि नकाशे पुढच्या काही दिवसांत बाहेर काढता आले. गेरिट रीटव्हेल्ड, ल कॉर्ब्युझिए अशांनी घडवलेल्या खुर्च्यांचा विभागाचा प्रसिद्ध संग्रहही वाचला.

आता सुमारे ३००० विद्यार्थ्यांना बसवायचं कुठे?

आधी विद्यापीठाच्या आवारात मोठे तंबू उभे राहिले आणि शिकवणं सुरू झालं. पण डेल्फ्टची हवा पावसाळी, वाऱ्याची. तंबूत हिवाळा काढता येणार नव्हता. माळावर तात्पुरत्या शेड टाकायच्या, की एखादी रिकामी पडलेली इमारत हाताशी घ्यायची, असे दोन रस्ते दिसत होते. विद्यापीठाने दुसरा रस्ता धरला. युलियानालान नावाच्या रस्त्यावर विद्यापीठाची जुनी मुख्य इमारत होती. कार्यालयं तिथून हलली होती आणि तिथे राहती घरं करण्याचा विचार चालू होता. तो विचार बाजूला ठेवून विद्यापीठाने ती वास्तुकला विभागाच्या हवाली केली.

या इमारतीनेही आयुष्यात बरंच पाहिलं होतं. फान ड्रेख्त या वास्तुविशारदाने तिचा आराखडा रसायनशास्त्रासाठी केला होता. पहिलं महायुद्ध संपत असताना काम सुरू झालं, पैशांअभावी रेंगाळलं, आणि ती खऱ्या अर्थाने वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पुढे प्रयोगशाळा गेल्या आणि विद्यापीठाचा कारभार तिथून चालू लागला. लाल विटांच्या भिंती, उंच छत, मोठाल्या खिडक्या, लांबच लांब मार्गिका, आणि इमारतीच्या पंखांमध्ये मोकळी अंगणं. राष्ट्रीय वारसा म्हणून तिला संरक्षण आहे. म्हणजे मनाला येईल तशी भिंत पाडायची सोय नाही.

वास्तुकलेच्या शाळेला नेमकं काय लागतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. या शाळेत विद्यार्थी बाकावर तासभर बसून घरी जात नाहीत. मोठ्या टेबलावर ते दिवसचे दिवस काम करतात, पुठ्ठा आणि लाकूड कापून मॉडेल करतात, भिंतीवर ड्रॉइंग टाचतात आणि ज्युरीसमोर उभे राहून आपली कल्पना मांडतात. त्यासाठी भरपूर उजेड हवा, उंची हवी, मोकळी जमीन हवी, मशिनं चालतील अशी वीज हवी. धूर आणि वाफ बाहेर जावी, एकाच वेळी बऱ्याच जणांना हालचाल करता यावी म्हणून बांधलेल्या रसायनशास्त्राच्या इमारतीत यातलं पुष्कळ काही आधीपासूनच होतं.

विद्यापीठांच्या आवारात असाच दुसरा हुकमी प्रकार म्हणजे जुनं कॅन्टीन. नवं भोजनगृह बांधलं की जुनं कुलूपबंद होतं, मग कधी स्टोअर, कधी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचं गोदाम. खरं तर ती इमारत स्टुडिओसाठी जवळजवळ तयार असते. जेवणाच्या हॉलमध्ये खांब कमी असतात आणि छत उंच असतं. जेवायला गर्दी एकदमच लोटते म्हणून दरवाजे रुंद आणि बाहेर पडायच्या वाटा एकाहून जास्त असतात. स्वयंपाकघराला जादा क्षमतेची वीज दिलेली असते, तीच पुढे करवतीला आणि लेझर कटरला पुरते. जमिनीत पाणी वाहून जाण्याचे मार्ग असतात, त्यामुळे प्लास्टर आणि मातीच्या कामाची जागा तिथे सहज बसते. भाजीचा टेम्पो मागच्या ज्या दाराशी लागायचा, तिथेच प्लायवुड उतरवता येतं. शीतगृहाच्या बिनखिडकीच्या खोलीत मॉडेलं आणि कागदपत्रं ठेवता येतात.

अडचणीही तितक्याच खऱ्या असतात. चुलींवरच्या धुराड्यांत वर्षानुवर्षं तेलाचा थर साचलेला असतो. तो आग पकडतो, म्हणून जुन्या नळ्या पूर्ण काढाव्याच लागतात. टाइल लावलेल्या भिंतींमुळे आवाज घुमतो. ज्युरीत एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू यावं यासाठी छताला आणि भिंतींना आवाज शोषणारं आच्छादन द्यावं लागतं. कॅन्टीनमध्ये माणूस अर्धा तास बसतो, स्टुडिओत रात्रीपर्यंत. म्हणून खेळत्या हवेचा आणि स्वच्छतागृहांचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. उंची पाहून मध्ये पोटमाळा घालायचा मोह होतो, पण जुना पाया तो भार पेलेल का, हे आधी तपासायला हवं. ड्रॉइंगला उत्तरेचा सारखा, सावल्या न पाडणारा उजेड लागतो. जेवणाचा हॉल बहुधा बागेकडे तोंड करून असतो, मग बागेची दिशा कोणतीही असो. अशा वेळी छताला झरोका पाडावा लागतो. या प्रत्येक कामाला पैसा लागतो, हे खरंच. पण पाया, खांब, स्लॅब, छत या वजनदार वस्तू आधीच उभ्या असतात. त्यांत ओतलेलं सिमेंट आणि लोखंड पुन्हा तयार करावं लागत नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. उद्याच्या वास्तुविशारदांना हा आकडा शिकवायचा आणि त्यांना बसवायला उभी इमारत पाडून नवी बांधायची, यात मोठी विसंगती आहे.

डेल्फ्टला परत येऊ. हाताशी वेळ काही महिन्यांचाच होता. ब्राक्स्मा अँड रोस यांच्याकडे वारसा इमारतीची जबाबदारी आली. फोक्केमा, कोसमान-दे-योंग आणि एमव्हीआरडीव्ही हे वास्तुकला आणि अंतर्गत रचनेतले गट त्यांच्या जोडीला आले. काचेच्या बांधकामासाठी ऑक्टाट्यूब ही कंपनी होती. तिचे संस्थापक मिक एकहाउट तेव्हा याच विभागात प्राध्यापक होते. एरवी अशा कामात आधी सगळे आराखडे पूर्ण होतात, मग निविदा निघतात, मग गवंडी येतो. इथे आराखडे आणि बांधकाम एकमेकांच्या बरोबरीने पुढे सरकत होतं. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत विद्यार्थी आत येऊ लागले.

सगळ्यात कळीचा निर्णय लांब मार्गिकांबद्दलचा होता. सरकारी कचेरीत मार्गिका म्हणजे दोन्ही बाजूंना बंद दारं आणि मधून घाईघाईने जाणारी माणसं. डेल्फ्टमध्ये तिचाच रस्ता केला. त्या रस्त्याच्या कडेला ग्रंथालय आलं, प्रदर्शनाची जागा आली, बसून बोलायच्या जागा आल्या, कॉफी आणि खाणंही आलं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि नावाजलेला प्राध्यापक दिवसातून अनेकदा तिथे समोरासमोर येतात. या इमारतीला ‘बीके सिटी’ म्हटलं जातं, आणि तिची आखणीही शहरासारखीच आहे. कॅन्टीन कोपऱ्यात ढकलण्याऐवजी खाण्यापिण्याची जागा जाण्यायेण्याच्या वाटेवर आणली, म्हणून ती गाठीभेटींचं ठिकाण झाली. कुठल्याही महाविद्यालयाला, विशेषतः सगळे गट आपापल्या खोल्यांत बंद होऊन बसतात अशा ठिकाणी, ही गोष्ट कमी खर्चात करता येण्यासारखी आहे.

दुसरा निर्णय अंगणांचा. इमारतीच्या पंखांमधल्या दोन अंगणांवर पोलाद आणि काचेचं छप्पर आलं, आणि वारसा इमारतीला फार धक्का न लावता मोठे हॉल मिळाले. एका हॉलमध्ये मॉडेलं करण्याची जागा झाली. दुसऱ्यात भडक केशरी रंगाची, लाकडी, भल्यामोठ्या पायऱ्यांची एक रचना उभी राहिली. विनी मास यांच्या नेतृत्वाखालच्या ‘द व्हाय फॅक्टरी’ या संशोधन गटासाठी एमव्हीआरडीव्हीने ती केली. वरच्या पायऱ्यांवर बसून व्याख्यान ऐकायचं, आणि त्याच पायऱ्यांच्या पोटात बैठकींच्या खोल्या. विटांच्या जुन्या भिंतींसमोर तो केशरी रंग बेधडक वाटतो, पण जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते बघणाऱ्याला लगेच समजतं. जतनाच्या कामातलं हे महत्त्वाचं तत्त्व आहे. नव्या भागाने जुन्याची नक्कल करू नये, आणि जुन्याला झाकूनही टाकू नये.

तिसरा बदल सवयींचा. आधी प्राध्यापकांना स्वतंत्र खोल्या असत. इथे बऱ्याच जणांना टेबलं आणि दालनं वाटून घ्यावी लागली. पुस्तकांचे ढीग, नमुने, वर्षानुवर्षं साठलेलं सामान आगीत गेलंच होतं, त्यामुळे मोकळ्या हाताने सुरुवात झाली. एकांतात लिहायची सवय असलेल्यांना मोकळ्या दालनाचा आवाज जाचतो, आणि हा प्रश्न अशा प्रत्येक शाळेला सोडवावा लागतो.

असं करणारं डेल्फ्ट एकटं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसची ‘साय-आर्क’ ही वास्तुकलेची शाळा १९७२ साली एका औद्योगिक इमारतीत सुरू झाली. २००० सालानंतर ती सांता फे रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात गेली. १९०७ सालचा हा काँक्रीटचा मालधक्का जवळजवळ पाव मैल लांब आणि रुंदीला अगदी चिंचोळा आहे. एका बाजूला मालगाडी लागायची, दुसऱ्या बाजूला गाड्या, आणि मधून माल इकडून तिकडे जायचा. म्हणून दोन्ही बाजूंना ओळीने दारं होती. आज त्याच ओळीतून स्टुडिओंना उजेड मिळतो. नॉर्वेत ओस्लोच्या वास्तुकला आणि डिझाइन विद्यालयाने २००१ साली आकेर्सेल्वा नदीकाठच्या जुन्या औद्योगिक इमारतीत बस्तान हलवलं. तिचा कायापालट यार्मुन्ड-विग्स्नेस या गटाने केला. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँची वास्तुकला शाळा क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या साबुराँ सॅनेटोरियममध्ये भरते. ऊन आणि हवा रोग्यांच्या खाटेपर्यंत पोहोचावी म्हणून केलेल्या लांब दक्षिणमुखी रचनेत आता ड्रॉइंगची टेबलं आहेत.

या सगळ्या ठिकाणी विद्यार्थ्याला एक फायदा मिळतो. तो रोज एका रूपांतराच्या आत बसलेला असतो. तुळई कुठे जोडली, नवी पाइप जुन्या भिंतीतून कशी नेली, खिडकी न बदलता थंडी कशी थोपवली, हे त्याला डोकं वर करून पाहता येतं. पुस्तकातल्या छेदचित्रापेक्षा ही तुळई त्याच्या जास्त लक्षात राहते. महाविद्यालयाला नवी इमारत हवी असेल, तर आवारातल्या रिकाम्या कॅन्टीनचं, जुन्या वसतिगृहाचं, बंद प्रयोगशाळेचं मोजमाप विद्यार्थ्यांकडूनच आधी करून घ्यावं. पाया, गळती, ड्रेनेज आणि विजेच्या लाइनी यांची ड्रॉइंगं हातात आली की निर्णयाला आधार मिळतो, आणि तो सगळा अभ्यास मुलांच्या शिक्षणात जमा होतो.

डेल्फ्टमध्येही आगीनंतर नव्या इमारतीचा विचार झालाच. जगभरातल्या वास्तुविशारदांसाठी खुली कल्पना-स्पर्धा जाहीर झाली, शेकडो प्रवेशिका आल्या आणि बक्षिसंही दिली गेली. तोवर युलियानालानवरच्या इमारतीत वर्ग भरले होते, आतल्या रस्त्यावर गर्दी होती, केशरी पायऱ्यांवर व्याख्यानं रंगत होती. विद्यापीठाने तात्पुरता म्हणून केलेला मुक्काम कायमचा केला. स्पर्धेतली इमारत कागदावरच राहिली, आणि डेल्फ्टचा वास्तुकला विभाग आजही रसायनशास्त्रासाठी बांधलेल्या त्याच विटांच्या इमारतीत भरतो.