आजारपणातील मजुरी कोणी द्यावयाची?

(मालवण येथे मजूर कुटुंबांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेस रापणीवर जाणारे खलाशी आले आहेत, चिरेखाणीत राबणारे आले आहेत, काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या व गर सोलणाऱ्या भगिनी आल्या आहेत. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून चादरी, भांडी व खोल्या सांभाळणारी तरुण मंडळीही मला दिसत आहेत. उद्योग निरनिराळे असले तरी या सर्वांची एक अवस्था समान आहे. माणूस अंथरुणाला खिळला की त्याच दिवसापासून त्याची मजुरी बंद होते. घरातला खर्च ज्या दिवशी वाढतो नेमक्या त्याच दिवशी मिळकत थांबते. मग मंगळसूत्रातले दोन मणी गहाण पडतात, किंवा मुकादमाकडून उचल घेतली जाते. ही उचल पुढच्या हंगामाच्या मजुरीतून कापली जाते, आणि अंगावर उचल असलेला मजूर मजुरीच्या दराबद्दल तोंड उघडू शकत नाही. एका तापाच्या दुखण्याने माणूस वर्षभर बांधला जातो तो असा.

म्हणून दोन प्रश्न आपण वेगळे केले पाहिजेत. दवाखान्याचा खर्च कोणी करावयाचा, हा एक. आजारपणातील बुडालेली मजुरी कोणी भरून द्यावयाची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा सभासभांतून होते. दुसऱ्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. मला आज मुख्यतः दुसऱ्याविषयी बोलावयाचे आहे.

हा प्रश्न नवा नव्हे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतील स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा द्यावी असे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला प्रसूतीच्या आधी व नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. परंतु जो मालक त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो तोही त्यातून मोकळा राहू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. विसाव्याचे मूल्य कोणी द्यावयाचे, हा आपल्या आजच्या प्रश्नाचाच प्रारंभ होता.

त्याच काळातील दुसरी एक गोष्ट आपल्या तरुणांना ठाऊक असावी. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्याची मजुरी इतर खात्यांपेक्षा अधिक होती. परंतु धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाचे तोंड लागलेल्या धोट्याला इतर कामगार तोंड लावावयास तयार नव्हते. त्यामुळे आपल्या लोकांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. त्यांना कमी मजुरीच्या खात्यांत राहावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मजुरीचा बाजार मागणी व पुरवठा यांवर चालतो असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. साळखात्याच्या दारात मात्र तो जातीवर चालत होता. आजही गटार व मैल्याच्या टाकीत कोणाला उतरवले जाते ते पाहावे. २०१३ च्या कायद्याने तसे उतरवणे गुन्हा ठरवले आहे, आणि अशा मृत्यूसाठी तीस लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. हॉटेलाच्या टाकीत उतरण्यास कोणी सांगितले तर नकार देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, एवढे येथे सांगून पुढे जातो.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री होते. त्या खात्याने मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कारखान्यातील कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले व १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्या पायावर एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिची रचना अशी : मालक व कामगार दोघांनी हप्ता भरावयाचा, आणि आजारी कामगाराने कोणापुढेही हात न पसरता आपल्या हक्काने औषध व पैसा दोन्ही घ्यावयाचे. जुलै २०१९ पासून मजुरीच्या शेकडा सव्वातीन मालकाने व पाऊण कामगाराने, असा हा हप्ता ठरला. त्याच्या मोबदल्यात विमेकरी आजारी पडल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या शेकडा ७० रोख मिळते. क्षय किंवा कर्करोगासारखा दीर्घ आजार असेल तर शेकडा ८० प्रमाणे दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. स्त्रियांना बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आणि दावा नाकारला तर त्यासाठी स्वतंत्र विमा न्यायालय आहे. जेथे न्यायालय आहे तेथे हक्क आहे, हे वकील म्हणून मी मुद्दाम सांगतो.

परंतु हा हक्क नोकरीला बांधलेला होता. आपल्या किनाऱ्यावरून हजारो चाकरमानी परळ, लालबाग, नायगाव येथे गेले. दवाखाना परळला आणि बायकामुले मालवण-वेंगुर्ल्यात, अशी त्यांच्या संसाराची विभागणी होती. गावी मनीऑर्डर येत असे. विम्याचे औषध येत नसे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. कित्येकांना पुन्हा कामावर जाता आलेच नाही. नोकरी गेली त्याबरोबर विम्याचे कार्डही निरुपयोगी झाले, आणि छातीत कापसाची धूळ घेऊन आमचे वडीलधारे गावी परतले. गिरणीच्या जमिनीचे काय झाले याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या छातीतल्या धुळीचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. गिरण्यांच्या जागी हॉटेले, नौकाविहार व घरगुती निवासव्यवस्था आली. पावसाळ्यात समुद्र बंद, तसे हेही काम बंद. मोठ्या दुखण्याला आपला माणूस वर्षानुवर्षे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जात आला. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला, तेव्हा दोडामार्गला लोक रस्त्यावर आले. त्यानंतर २०२१ साली ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, ही चांगली गोष्ट झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लक्ष रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. तिचा लाभ प्रत्येकाने घ्यावा. तीत कमीपणा मानू नये. मात्र तिची मर्यादा ओळखावी. ठरलेले उपचार, नोंदलेले रुग्णालय व तेथे दाखल झालेला रोगी, इतक्यापुरती ती आहे. रोजच्या मधुमेहाच्या गोळ्या व तपासण्या तीत येत नाहीत. आणि पैसा रुग्णालयाला मिळतो. खाटेवर पडलेल्या खलाशाच्या बुडालेल्या वाट्याबद्दल त्याच्या घरी एक पैसाही येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून विम्याचा १९४८ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. त्यात आपल्या उपयोगाच्या काही गोष्टी आहेत. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात अशी प्रत्येक आस्थापना, मग तो कारखाना असो वा हॉटेल, विम्याखाली येते. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावयाचे आहे. कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचा मानला जातो. परंतु असंघटित मजुरांचे प्रकरण काढून वाचा. तेथे सरकारने वेळोवेळी योग्य वाटतील त्या योजना कराव्यात, असे म्हटले आहे. किती रुपये, किती दिवस, कोणत्या न्यायालयात मागावयाचे, याविषयी अक्षर नाही. एकाच पुस्तकात दहा जणांच्या कारखान्यातील माणसाला हक्क आणि नऊ जणांच्या कारखान्यातील माणसाला योजना, असा हा भेद आहे. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचा दिवस बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. बाबासाहेबांच्या मजूरखात्याच्या काळातील १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणला होता. आठवड्याची मर्यादा कायम ठेवली आहे असे सांगण्यात येते. पण बारा तास उभे राहून काजू फोडणारीच्या पाठीला आठवड्याची सरासरी समजत नाही.

नऊ आणि दहा यांतील अंतर किती असते ते मी जवळून पाहिले आहे. माझ्याकडे एक भगिनी आल्या होत्या. काजूच्या टरफलातील तेलाने त्यांच्या बोटांची कातडी गेली होती. दोन महिने काम बंद. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कारखान्यात सतरा बायका होत्या. हजेरीपटावर नऊ नावे होती आणि त्यांत यांचे नाव नव्हते. कारखानदार म्हणाला, ही बाई आमची नव्हेच. अखेर उपयोगी पडला तो त्यांच्या मुलीच्या वहीचा मागचा भाग. सोललेल्या गराचे किलो व मिळालेले पैसे तारीखवार त्यांनी तेथे लिहून ठेवले होते. सोबतच्या दोघी जणी साक्षीस उभ्या राहिल्या आणि प्रकरण तडजोडीने मिटले. मिळालेली रक्कम मोठी नव्हती, पण ती उचल नव्हती.

आपल्या घटनेचे एकविसावे कलमही येथे ध्यानात घ्यावे. १९९२ साली बंगालमधील हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठवले. त्याने व त्याच्या मजूर संघटनेने दाद मागितली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग होय. पैशाची चणचण ही सरकारची सबब होऊ शकत नाही. त्याच्या आदल्या वर्षी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात याच न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा मूलभूत हक्क मानला आणि त्यांच्या प्रकृतीची नोंद किमान ४० वर्षे जपून ठेवावी असा आदेश दिला. हकीम शेख एकटा असता तर घरी परतला असता. त्याच्या पाठीशी संघटना होती.

म्हणून आता करावयाच्या गोष्टी सांगतो. नेमणुकीचे पत्र लेखी मागा, आणि एकट्याने मागू नका. दहा-पंधरा जणांनी एकाच दिवशी मागा. मजुरी रोख मिळत असेल तर तारीख, काम व रक्कम वहीत लिहा. वाट्यावर जाणाऱ्या खलाशांनीही कोणत्या नौकेवर, कोणत्या दिवशी, कोणा तांडेलाच्या हाताखाली गेलो याची टिपण ठेवावी, कारण अपघातानंतर मालक पहिली गोष्ट हीच सांगतो की हा माझा नोकर नव्हे, वाटेकरी आहे. ई-श्रमची नोंदणी करा. गवंडीकाम करणाऱ्यांनी वर्षात ९० दिवस भरल्याचा दाखला घेऊन बांधकाम मंडळाकडे नाव घाला. दवाखान्यातील केसपेपर चुलीत घालू नका. तुम्ही कोणते काम करता ते डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. नुसते “हाताला जखम” असे लिहिलेले न्यायालयात फारसे चालत नाही.

ज्यांच्याजवळ हजेरीकार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या किंवा अशा वह्या आहेत त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. मी व माझे दोन तरुण सहकारी बाहेरच्या पडवीत बसणार आहोत. प्रथम काजूच्या कारखान्यातील भगिनींचे कागद पाहू, कारण त्यांना शेवटच्या एस. टी. ने परतावयाचे आहे.