राळ, काचतंतू आणि निर्वात : नौकाबांधणीचे एक तंत्र
(नौकाबांधणीच्या प्रशिक्षणार्थींसमोर दिलेले व्याख्यान)



राळ हा शब्द कोकणातील नौका बांधणाऱ्यांना नवा नाही. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत धागा ठासून वर राळ व तेल यांचा लेप देण्याची कला आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बंदरांत काचतंतूंच्या होड्या ठिकठिकाणी दिसतात. त्यांतील राळ मात्र झाडाची नसून रसायनाच्या कारखान्यातील आहे.

या होड्या बहुधा हाताने लेपून तयार होतात. साच्यात काचतंतूंची चटई अंथरावयाची, ब्रशाने राळ लावावयाची व रुळाने हवा काढावयाची. या पद्धतीत दोन उणिवा आहेत. पहिली, राळेचे प्रमाण कारागिराच्या हातावर अवलंबून राहते. चटईच्या अशा थरात वजनाने सुमारे दोनतृतीयांश राळच असते. वास्तविक बळ काचेच्या तंतूंचे. राळेचे काम त्यांना एकत्र धरून ठेवण्याचे. म्हणून जादा राळ हा निव्वळ भार होय. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. राळेतील स्टायरीनची वाफ कारागिराच्या श्वासावाटे दिवसभर शरीरात जात राहते.

निर्वात पद्धतीने राळ भरण्याचे तंत्र या दोन्ही उणिवांवर उपाय आहे. याचे मूळ जुने आहे. अमेरिकेत अशा प्रकारच्या एका पद्धतीचे पेटंट 1950 साली दिले गेले. स्वीडनच्या नौदलाच्या व्हिस्बी वर्गातील युद्धनौकांची कार्बनतंतूंची कवचे याच तत्त्वावर घडविण्यात आली.

तत्त्व सोपे आहे. साच्याला मेण लावून बाहेरचा जेलकोट दिल्यावर काचेचे कापड कोरडेच अंथरतात. त्यावर सोलून काढता येणारे कापड, राळ पसरविणारी जाळी व नळ्या ठेवून वर प्लॅस्टिकचा पडदा चिकटपट्टीने हवाबंद करतात. पंपाने आतील हवा काढली की बाहेरची हवा दर चौरस मीटरवर सुमारे 10 टनांचा दाब देते. हाच दाब कापड दाबून बसवितो आणि बादलीतील पातळ राळ आत ढकलतो. विणलेले वा शिवलेले कापड वापरल्यास काचेचे प्रमाण वजनाने दोनतृतीयांशांपर्यंत जाते आणि वाफही बव्हंशी पडद्याआड राहते.

तथापि येथे दुसरी संधी नसते. राळ एकदा आत शिरली की चूक सुधारणे कठीण. यास्तव राळ कालविण्यापूर्वी पंपाची नळी बंद करून दाबमापकाकडे लक्ष द्यावे. काटा सरकू लागला तर कोठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. दुसरा नियम अंतराचा. राळेला दुप्पट अंतर कापावयाचे असल्यास वेळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट लागतो. म्हणून मोठ्या कवचात राळेच्या नळ्या जवळजवळ मांडतात. बादली रिकामी होण्यापूर्वीच नळीला चिमटा लावावा, अन्यथा हवा आत शिरते. राळ घट्ट होईपर्यंत पंप चालू ठेवावा.

सुरक्षिततेविषयी तडजोड नको. राळ घट्ट करणारे पेरॉक्साइड व कोबाल्टचा गतिवर्धक हे परस्परांत थेट कधीही मिसळू नयेत. भडका उडू शकतो. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. उरलेली राळ बादलीत तशीच राहिल्यास अतिशय तापते. ती उथळ भांड्यांत पसरून मोकळ्या जागी ठेवावी. चष्मा, हातमोजे व सेंद्रिय वाफेसाठीचा मुखवटा ही अवजारांइतकीच आवश्यक आहेत.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, सुरुवात होडीने करू नये. सपाट काचेवर हातभर कापडाचा तुकडा घ्यावा, राळ किती अंतर किती वेळात गेली हे वहीत नोंदवावे आणि घट्ट झालेला तुकडा कापून आतील पोकळ्या तपासाव्यात. असे पुष्कळ तुकडे बिघडले तरी हानी थोडी. होडी बिघडली तर कुटुंबाची पुंजी बुडते. पंचायत सदस्यांनीही गावातील होडीच्या शेडमध्ये हवा खेळती आहे की नाही आणि कामगारांना मुखवटे मिळतात की नाही, याची चौकशी करावी.

कवचाच्या आत राहिलेली पोकळी किनाऱ्यावर कोणाला दिसत नाही. तिची परीक्षा भर समुद्रात होते, आणि तेव्हा होडीत माणसे असतात.