आडनाव काय म्हणालात?



मघाशी व्यासपीठावर कुणीतरी कानाशी लागून म्हणालं, “सर, जरा सकारात्मक बोला. आपल्या कथा-कादंबऱ्यांत रडगाणंच फार.” बोलतो. पण आधी एक भांडण मिटवू द्या.

कादंबरीतलं माणूस मोडलं की आपले समीक्षक ‘नियतीनं घात केला’ असं लिहून मोकळे होतात. पंचनाम्याचा कंटाळा आला की कागदावर ‘अकस्मात मृत्यू’ लिहावं, तसला हा शब्द. माझं भांडण त्याच्याशी आहे.

हरिभाऊ आपट्यांची यमू घ्या. ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली ही पोर नवऱ्याच्या सोबतीनं उमलली. पुढं तो गेला. मरणावर कुणाचा इलाज? पण यमूचे केस काही मरणानं नेले नाहीत. ते घरातल्याच वडीलधाऱ्यांनी उतरवायला लावले. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला एकनाथ शिकून बेकार. पाऊस आभाळानं अडवला, कबूल. नोकरीसाठी पैसे आभाळानं मागितले का? आणि आपल्या मराठवाड्याच्या रा. रं. बोराडे यांनी १९७१ साली ‘पाचोळा’ लिहिली. त्यात शिंप्याचं घर उधळतं, ते काय वावटळीनं?

घाव दोन असतात. पहिला परिस्थितीचा. दुसरा माणसाचा, आणि तो पडलेल्यालाच शोधून घातला जातो. दोन्ही घावांना एकच नाव दिलं की दुसरा घाव घालणारा हात धुऊन पंगतीला बसतो.

हे आपण पूर्वापार करतो. चितेगावच्या याच रस्त्यानं पुढं पैठण. संन्याशाची पोरं म्हणून चार भावंडांना तिथं शुद्धिपत्र मागावं लागलं, असं परंपरा सांगते. आपण कौतुक कशाचं करतो? वेद बोलणाऱ्या रेड्याचं! पोरांना दारात उभं करणाऱ्यांविषयी अवाक्षर नाही.

बाबूराव बागुलांनी हा संकोच ठेवला नाही. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३चा. त्यातल्या शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो, जात लपवतो आणि ती उघडी पडताच मार खातो. तिथं नियती नाही. हात आहेत, लाथा आहेत.

“ते जुनं झालं, सर.” असं? मग चितेगावचंच ऐका. कारखान्यात नुकताच लागलेला एक पोरगा माझ्यादेखत खोली बघायला आला. फाटकावर पुठ्ठा: ‘खोली भाड्याने देणे आहे’. भाडं ठरलं, अनामत ठरली. पोरानं खिशात हात घातला, तेवढ्यात मालकानं सहज विचारलं, “आडनाव काय म्हणालात?” पोरानं सांगितलं. “अरे हो, ती खोली कालच गेली की.” पोरगा काही बोलला नाही. पिशवी उचलून रस्त्याला लागला. पुठ्ठा आठवडाभर तिथंच लटकत होता.

लिहिणाऱ्या पोरापोरींनो, त्या पोराचे पाणावलेले डोळे रंगवू नका. ते सोपं असतं. मालक लिहा. त्याचं गोड बोलणं लिहा, चहाचा आग्रह लिहा. वाचकाला तो ओळखीचा वाटला पाहिजे, घरातला वाटला पाहिजे.

ही गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. कारण त्यात तिसराही माणूस आहे. मालकाच्या शेजारी, हातात चहाची बशी धरून, गप्प उभा होता. आज तुम्ही त्याला अध्यक्ष केलंय.