नियम कोण लिहितो?



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसा नोकरी करतो आणि दोन महिन्यांपासून रात्री एक व्हिडिओ गेम बनवतो आहे. डावपेचांचा गेम, बुद्धिबळासारखा, एकदा तुमची पाळी, एकदा समोरच्याची. ‘हे कशासाठी?’ आणि ‘सुरुवात कुठून करायची?’ असे दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात. आज त्यांचीच उत्तरं देतो.

आपल्यातले बरेच जण युद्धाचे गेम खेळत मोठे झालो. 2009 मधल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर 2’ मध्ये कराचीचा नकाशा आहे. तिथल्या पाट्या अरबीत आहेत, उर्दूत नाहीत. शहर फक्त गोळीबारापुरतं हवं असलं, की तिथली माणसं कोणती भाषा वाचतात हे कोण बघणार? यावर तक्रार जरूर करावी. पण गेममध्ये शत्रू कोण आणि जिंकणं म्हणजे काय, हे नियम लिहिणारा ठरवतो. म्हणून आपणही नियम लिहायला बसलं पाहिजे.

नियमाची ताकद बुद्धिबळात दिसते. भारतातलं चतुरंग इराणमार्गे अरबांकडे गेलं आणि शतरंज झालं. शतरंजमधला वजीर तिरका, एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आणि उंटाला आजची लांब चाल मिळाली. पट तोच 64 घरांचा, सोंगट्या 32च. पण खेळाचा वेगच बदलला.

माझ्या गेममध्ये बंदूक नाही. ऑगस्ट 2019 मधला सांगली-कोल्हापूरचा महापूर तुम्हाला आठवत असेल. माझा पट म्हणजे कृष्णाकाठचं एक काल्पनिक गाव. दर पाळीला पाणी चढतं. तुमच्याकडे दोन होड्या आहेत. एका छपरावर तापाने फणफणलेलं मूल आहे, दुसऱ्यावर म्हैस सोडून यायला तयार नसलेली आजी. त्या पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली होडी उलटली आणि लोक बुडाले. म्हणून ‘आणखी एकाला घ्यायचं का?’ हा माझ्या गेममधला सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. कुणाचं दुःख करमणूक होऊ नये, यासाठी खऱ्या गावाचं आणि माणसांचं नाव मी घेतलेलं नाही.

आता सुरुवातीबद्दल. कॉम्प्युटर नंतर उघडा. मी पुठ्ठ्यावर आठ बाय आठ घरं आखली, बाटलीची झाकणं होड्या झाली आणि शेंगदाणे माणसं. घरच्या मुलांना खेळायला बसवलं. जिथे ती कंटाळली, तो नियम काढून टाकला. छोटा पट कमी वाटू देऊ नका. 2018 मधला ‘इन्टू द ब्रीच’ आठ बाय आठवरच खेळतात. त्यात शत्रू पुढे काय करणार हे आधीच दिसतं, तरी डोकं खाजवावं लागतं.

पुठ्ठ्यावर खेळ रंगला, मग मी ‘गोडो’ घेतलं. हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. 2023 मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून मराठी जोडाक्षरं नीट दिसतात आणि उजवीकडून लिहिली जाणारी उर्दूही. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांत गेम काढायला आता तांत्रिक सबब उरलेली नाही.

पैशाचंही सांगतो. ‘स्टीम’वर गेम ठेवायला 100 डॉलर भरावे लागतात, ‘इच’वर काहीच नाही. खपेल की नाही, याची खात्री कुणीच देत नाही. म्हणून नोकरी किंवा शिक्षण सोडू नका. रोज तासभर द्या आणि एकच पट पूर्ण करा.

कोडिंग येत नाही, म्हणून मागे राहू नका. गेमला चित्रं लागतात, आवाज लागतात, आजीच्या तोंडी शोभेल असं बोलणं लागतं. त्यातलं काहीतरी तुम्हाला येतंच. या रविवारी एक पुठ्ठा घ्या, घरं आखा आणि पहिला नियम लिहा.