मागच्यास वाट देणे
(केंद्र संमेलनातील भाषणाचा पाठ)



शाळेच्या वेळापत्रकात भाषा, गणित, परिसर अभ्यास इत्यादी विषयांस तासिका नेमून दिलेल्या असतात. ‘वाट देणे’ या विषयास तशी तासिका नाही. तथापि मुलाच्या घराचा उंबरठा आणि शाळेचा उंबरठा यांच्यामध्ये जो रस्ता पसरलेला आहे, त्यावरून ते मूल दिवसातून दोन वेळा जाते-येते. त्या रस्त्यावर ट्रॅक्टर, जीप वा मोटारसायकल हाकणारी माणसे बहुधा त्याच पंचक्रोशीतील, आणि पुष्कळदा त्याच शाळेत शिकून बाहेर पडलेली असतात. यास्तव रस्त्यावरील वर्तन हा शाळेच्या शिकवणुकीचा एक निकालच होय. आणि हा निकाल प्रगतिपुस्तकात नव्हे, तर मुलांच्या जिवावर लागतो.

पूर्वीच्या गाडीवाटेवर हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पायी जाणारा आणि बैलगाडी हाकणारा या दोघांची चाल जवळजवळ सारखीच होती. पुढे १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि कालांतराने एस. टी. खेडोपाडी पोहोचली. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाल्यानंतर वाड्यावस्त्यांपर्यंत डांबरी रस्ते गेले. रस्ता सुधारला, वाहने वाढली. परंतु पूर्वीचे वाटसरू रस्ता सोडून गेले नाहीत. आज त्याच एका पट्टीवरून ताशी चार-पाच किलोमीटर चालणारे मूल, पंधरा किलोमीटर जाणारी सायकल, वीस किलोमीटरच्या आसपास रखडणारा भरलेला ट्रॅक्टर आणि पन्नास-साठ किलोमीटरने धावणारी जीप अशी सर्व मंडळी एकत्र जात असतात. धोक्याचे मूळ केवळ वेगात नाही. एकाच वाटेवरील वेगांच्या या तफावतीत आहे. हळू जाणारा आणि जलद जाणारा यांनी परस्परांस सांभाळून घेतले, तरच ही तफावत निभावते.

या प्रश्नाचे पहिले अंग रस्त्याच्या रुंदीचे आहे. एकपदरी ग्रामीण रस्त्याचा डांबरी भाग सामान्यतः ३.७५ मीटर रुंद असतो. काही ठिकाणी तो ३ मीटरच असतो. मोठ्या बसची रुंदी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त २.६ मीटर असू शकते. अशी दोन वाहने शेजारी आली तर त्यांस ५.२ मीटर जागा हवी. म्हणजे डांबर जवळजवळ दीड मीटर कमी पडते. दोहोंमध्ये तसूभर अंतर न ठेवले तरीही प्रत्येकास पाऊण मीटर साइडपट्टीवर उतरावे लागेल. ‘मी डांबर सोडणार नाही’ असा हट्ट दोघांनी धरल्यास रस्त्याचे गणितच सुटत नाही. पावसाळ्यात साइडपट्टी खचलेली वा चिखलाची असते आणि तीवर उतरणाऱ्याचे चाक रुतण्याची भीती असते, हेही खरे. अशा वेळी दोघांपैकी एकाने पक्की जागा पाहून आधीच थांबणे हाच मार्ग उरतो. घाटात वा तीव्र चढावर, जेथे रस्ता पुरेसा रुंद नाही तेथे, उतरणाऱ्याने चढणाऱ्यास प्रथम वाट द्यावी असा वाहतुकीचा नियम आहे. भरलेले वाहन चढावर एकदा थांबले की त्यास पुन्हा हलविणे किती कठीण असते, हे गाडीवानास सांगावे लागत नाही.

आता पुढे चालणाऱ्याचे कर्तव्य पाहू. आपल्याकडे वाहन डाव्या बाजूने चालवावयाचे आणि पुढच्यास उजव्या बाजूने ओलांडावयाचे, असा दंडक आहे. मागून जलद वाहन येत असल्याचे आरशात दिसताच पुढच्याने शक्य तितके डावीकडे व्हावे, वेग वाढवू नये आणि जागा अपुरी असल्यास थोडा वेग कमी करावा. कोणी आपणास ओलांडीत असताना वेग वाढविणे वा अन्य रीतीने त्यास अडथळा करणे नियमानेच निषिद्ध आहे. या निषेधामागील कारण वर्गातील फळ्यावर स्पष्ट करून दाखविता येते.

एक ट्रॅक्टर ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जात आहे. मागील जीप ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने येत आहे. ट्रॉलीची लांबी आणि पुढचे-मागचे सुरक्षित अंतर धरून जीपला ट्रॅक्टरपेक्षा ४० मीटर अधिक जावे लागते असे मानू. जीप दर सेकंदास १० मीटर अधिक जाते. म्हणून तिला ४ सेकंद लागतील आणि तेवढ्यात ती ६० मीटर पुढे जाईल. समोरून तितक्याच वेगाने दुसरे वाहन येत असेल तर तेही ६० मीटर अलीकडे येईल. अर्थात किमान १२० मीटर रस्ता मोकळा हवा. आता ट्रॅक्टरवाल्याने ईर्षेस पडून वेग ताशी ३६ किलोमीटर केला, तर जीपला ४ ऐवजी ८ सेकंद लागतील आणि मोकळा रस्ता २४० मीटर लागेल. उलट त्याने वेग ताशी ९ किलोमीटरपर्यंत उतरविला, तर ३.२ सेकंदांत काम होईल आणि ९६ मीटर रस्ता पुरेल. तिन्ही प्रसंगी जीपवाल्याचा वेग तोच आहे. अंतर वाढविणे वा घटविणे पुढच्याच्या हाती आहे, आणि तेवढी वाट देण्यास त्याचे फार तर काही सेकंद खर्ची पडतात.

पुढच्याने खूण कोणती करावी, हाही विचाराचा भाग आहे. उजवा हात बाहेर आडवा धरून मागून पुढे अर्धवर्तुळाकार हलविणे ही ‘पुढे जा’ अशी जुनी खूण होय. अलीकडे पुष्कळ चालक त्याऐवजी उजवा दिवा लुकलुकवितात. परंतु उजवा दिवा ‘मी उजवीकडे वळत आहे’ असेही सांगतो. एकाच खुणेचे दोन अर्थ झाले, म्हणजे एखादा दिवस असा येतो की पुढचा शेताच्या वाटेकडे वळतो आणि मागचा त्यास परवानगी समजून त्याच बाजूने निघतो. म्हणून डावीकडे होणे आणि वेग कमी करणे हीच सर्वांत स्वच्छ खूण होय. समोरचा रस्ता स्वतःस स्पष्ट दिसत नसल्यास कोणतीही खूण न करणे हेच श्रेयस्कर. दुसऱ्यास चुकीच्या वेळी दिलेली वाट ही वाट न देण्यापेक्षाही घातक ठरते.

मागून येणाऱ्याची जबाबदारी तर याहून मोठी आहे. कारण वाट मागणारा तो आहे. वळण, चढाचा माथा, अरुंद पूल, मोरी, चौफुली आणि शाळेचे फाटक या ठिकाणी ओलांडण्याचा विचारही करू नये. पुढच्या वाहनास अगदी चिकटून चालणाऱ्यास त्यापलीकडचे काहीच दिसत नाही. चार गाड्यांचे अंतर राखणाऱ्यास रस्ता दिसतो आणि संधीही लवकर सापडते. थांबलेल्या एस. टी.ला ओलांडताना तिच्या पुढून एखादे मूल धावत बाहेर येईल असे गृहीत धरूनच वेग उतरवावा. ओलांडून झाल्यावर पुढच्यासमोर एकदम आडवे येऊ नये. पाण्याच्या डबक्यातून वेगाने जाऊन पायी जाणाऱ्या मुलींच्या गणवेशावर चिखल उडविणे हा अपघात नव्हे. परंतु ते असभ्यपण मात्र निश्चित होय.

भोंग्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मालमोटारींच्या पाठीमागे भोंगा वाजविण्याचे निमंत्रण लिहिण्याची प्रथा होती. तीस महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मनाई केली. शैक्षणिक संस्थांभोवतालचा १०० मीटरचा परिसर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांन्वये शांतता क्षेत्र म्हणून शासनास जाहीर करता येतो. बैलांच्या कानाशी कर्कश भोंगा वाजविल्यास ते बुजतात, जू झटकतात आणि गाडी आडवी होते. जनावरास वाहतुकीचे नियम शिकविता येत नाहीत. म्हणून त्याच्या वाटचा संयम माणसाने दाखवावयाचा असतो.

ऊसतोडीच्या हंगामात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांत बैलगाड्यांच्या रांगा आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात. रांगेतील गाड्या एकमेकींस चिकटून चालल्या तर मागच्यास सबंध रांग एका दमात ओलांडावी लागते आणि ते साहस ठरते. दर दोन-तीन गाड्यांनंतर एक वाहन सामावेल इतकी मोकळी जागा ठेवल्यास तीच रांग टप्प्याटप्प्याने निर्धोकपणे ओलांडता येते. रात्री उसाच्या भाऱ्यामागे दिवा वा प्रकाश परावर्तित करणारी लाल पट्टी नसेल, तर मागून येणाऱ्यास ती गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. जो दिसत नाही त्याने वाट द्यावी तरी कशी आणि दुसऱ्याने ती मागावी तरी कोणाकडे? समोरून वाहन येताना, तसेच दुसऱ्याच्या मागे चालताना, दिव्यांचा प्रखर झोत खाली करणे हाही वाट देण्याचाच एक प्रकार आहे.

हे सर्व ठाऊक असूनही माणसे वाट का अडवितात? याचे उत्तर यंत्रात नसून मनात आहे. आपणास कोणी मागे टाकले म्हणजे आपला पाणउतारा झाला, अशी एक खोटी प्रतिष्ठा रस्त्यावर बोकाळली आहे. वास्तविक आपल्याकडे वाट देणे हे हीनपणाचे लक्षण कधीच नव्हते. ओझे वाहणारा, वृद्ध, रोगी, स्त्री यांस वाट द्यावी असे प्राचीन धर्मशास्त्रग्रंथांतही सांगितले आहे. आजही डोक्यावर भारा घेतलेली बाई समोर आली की रिकाम्या हाताचा माणूस पायवाटेवरून आपण होऊन बाजूला सरतो. त्यात त्याची अप्रतिष्ठा होत नाही. मग आसनाखाली इंजिन आल्याबरोबर हा विवेक का लोपावा? घाई करणाऱ्यानेही एक साधा हिशेब करून पाहावा. दहा किलोमीटरच्या रस्त्यास ताशी ५० किलोमीटरने १२ मिनिटे लागतात आणि ६० किलोमीटरने १०. जिवावर उदार होऊन हाती पडतात ती केवळ दोन मिनिटे.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत तर वाट देणे हे सौजन्य राहत नाही, ते कायदेशीर कर्तव्य होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तिची वाट अडविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्याच दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक वा वाहनाचा मालक दोषी धरला जातो; तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी ती तरतूद आहे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर चालवितो याचे कौतुक करणाऱ्या पालकांस हे पालकसभेत शांतपणे समजावून सांगणे, हे शिक्षकाचेच काम आहे. असे पालक शिक्षकाचा शब्द सहसा मोडीत नाहीत.

शाळेने प्रत्यक्ष काय करावे? प्रथम, क्रीडांगणावर चुन्याच्या दोन रेघा ३.७५ मीटर अंतरावर आखाव्या आणि बस, गाडी, सायकल व पादचारी यांची सोंगे मुलांनाच द्यावी. कोणास कोठे सरकावे लागते, हे ती पाच मिनिटांत स्वतः शोधून काढतील. दुसरे, वर सांगितलेले ट्रॅक्टर-जीपचे उदाहरण वरच्या वर्गांस सोडविण्यास द्यावे. तिसरे, रस्त्यास पदपथ नसल्यास उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, एकामागे एक चालण्याची सवय लावावी. सायकलस्वारांनी मात्र डाव्या कडेने एका रांगेतच जावे. चौथे, एस. टी.तून उतरल्यावर गाडी निघून जाईपर्यंत रस्ता ओलांडू नये, हा नियम पाढ्यासारखा मुखोद्गत करून घ्यावा.

परंतु या साऱ्या पाठांहून एक पाठ अधिक परिणामकारक आहे, आणि तो शिक्षक नकळत रोज देत असतो. तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलीने येणारा शिक्षक प्रार्थनेची वेळ गाठण्यासाठी वळणावर एस. टी. ओलांडतो, तेव्हा त्या एस. टी.च्या खिडकीत त्याचेच विद्यार्थी बसलेले असतात. तोच शिक्षक घरून दहा मिनिटे आधी निघाला, डोक्यावर शिरस्त्राण घालून आला आणि उसाच्या गाडीमागे सरळ रस्ता लागेपर्यंत स्वस्थपणे चालला, तर तेही मुले पाहतात. त्यांपैकी कित्येकांच्या हाती उद्या कासरा वा चालनचक्र येईल. आणि मागून भोंगा वाजेल तेव्हा आपण काय करावे, हे त्यांनी या खिडकीतूनच शिकलेले असेल.