गोदीचा इतिहास वर्गात आणू या



इतिहास शिक्षकांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद देऊन आपण माझा मान वाढवलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. या व्यासपीठावरून मला एकच आग्रह मांडायचा आहे. दुसरे महायुद्ध आपण स्टालिनग्राड, पर्ल हार्बर आणि हिरोशिमा यांच्या आधारे शिकवतो. ते शिकवायलाच हवे. पण हे युद्ध मुंबईच्या गोदीतही येऊन गेले, हे मुंबईतल्याच किती मुलांना ठाऊक असते?

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज उभे होते. बर्कनहेडहून कराचीमार्गे आलेल्या या जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याच्या जोडीला कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे, सोन्याच्या विटा. एकत्र ठेवू नये असा माल युद्धाच्या घाईत एकाच जहाजात भरला गेला. दुपारी आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, साधारण अर्ध्या तासाने दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. आसपासच्या वखारी आणि वस्त्या जळाल्या, सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. मृतांचा आकडा कुणी ८०० सांगतो, कुणी १,३००. युद्धकाळातल्या सेन्सॉरने बातमीही रोखून धरली.

मित्रहो, या दोन आकड्यांतले अंतर हाच माझ्या मते पहिला धडा आहे. आग विझवताना गेलेल्या ६६ बंबवाल्यांची संख्या आपल्याला नेमकी सांगता येते. भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रात त्यांचे स्मारक आहे आणि १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यांची आठवण टिकली, कारण ती जपणारे दल मागे होते. गोदीतल्या हमालामागे, वखारीतल्या रोजंदारीच्या माणसामागे असे कोण होते? आठवण आपोआप टिकत नाही, ती कुणीतरी सांभाळावी लागते. हे विद्यार्थ्याला एकदा उमगले, की तो प्रत्येक स्मारकासमोर उभा राहून विचारेल : इथे कुणाची नावे आहेत आणि कुणाची नाहीत?

मस्जिद बंदरच्या ‘इंडियन सेलर्स होम’चेच पाहा. पहिल्या महायुद्धात समुद्रातच ज्यांचा अंत झाला, अशा २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ६,००० हून अधिक नाविक-खलाशांची नामावलीही तिथे ठेवलेली आहे. कोकणातून आणि गोव्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर गेली. म्हणून हा धडा रत्नागिरीच्या शाळेचाही आहे.

अडचणी मला माहीत आहेत. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुटी असते आणि परीक्षाही तोंडावर असतात. गोदीत सहज प्रवेश मिळत नाही, शिवाय प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्यांवर आता भराव पडला आहे. म्हणून हा उपक्रम पहिल्या सत्रात घ्यावा. आधी वर्गात १९४४ पूर्वीचा आणि आजचा नकाशा शेजारी शेजारी ठेवावा. मग परवानगी काढून भायखळ्याचे स्मारक आणि सेलर्स होम दाखवावे. त्यानंतर मुलांना घरी पाठवावे : आजोबा-पणजोबांपैकी कुणी गोदीत, गिरणीत, दारूगोळ्याच्या कारखान्यात होते का? ऐकलेले लिहून आणावे, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख टाकावी. दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर त्या तशाच ठेवाव्यात. पुरावा तपासायला मुले तिथेच शिकतील.

मुंबईबाहेरच्या शिक्षकांनी आपापल्या गावाकडे याच नजरेने पाहावे. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि युद्धस्मशानभूमीही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या पोलिश निर्वासितांची छावणी होती.

त्या काळाचे साक्षीदार आता फार थोडे उरले आहेत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : येत्या वर्षी प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातले युद्धकाळाशी जोडलेले एक ठिकाण निवडावे, त्याची वही तयार करावी आणि ती शाळेच्या ग्रंथालयात नोंदवून ठेवावी. ज्यांच्यामागे कुठलेही दल नव्हते, त्या कामकऱ्यांची आठवण सांभाळण्याचे काम शाळेने आपल्याकडे घ्यावे. आपण ते घ्याल, असा मला विश्वास आहे.