शर्यतीच्या मोटारीसाठी वाहन : निवड आणि नोंदणी



शर्यतीची मोटार ही मोठी विलक्षण वस्तू आहे. धावपट्टीवर जी वाऱ्याशी स्पर्धा करते, तिला स्वतःच्या गॅरेजपासून त्या धावपट्टीपर्यंत मात्र स्वतःच्या चाकांवर जाता येत नाही. तिला रस्त्यावरचे दिवे नसतात, हॉर्न नसतो, क्रमांकाची पाटी नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे किंवा मालकाने तसे चालवू देणे, या दोन्ही गोष्टी बेकायदा आहेत. रॅलीच्या मोटारीची गोष्ट निराळी. एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत तिला सर्वसामान्य रस्त्यानेच जावे लागते आणि म्हणून तिची रीतसर नोंदणी असते. परंतु केवळ बंदिस्त धावपट्टीसाठी बांधलेल्या मोटारीला दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसूनच प्रवास करणे भाग आहे. बैलगाडा शर्यतीचे बैलही आज टेम्पोतून घाटावर नेले जातात. त्यातलाच हा प्रकार.

हा विषय पूर्वी मूठभर हौशी श्रीमंतांपुरता मर्यादित होता. आता तसे राहिलेले नाही. पिथमपूर येथे २००७ साली सुरू झालेली बाहा स्पर्धा, तसेच कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणारी फॉर्म्युला भारत ही स्पर्धा, यांमुळे महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः बांधलेली मोटार घेऊन परराज्यात जाऊ लागले आहेत. पुण्याहून कोइमतूर सुमारे १,२०० किलोमीटर. वाटेत खंबाटकीसारखा घाट आणि तीन राज्यांच्या हद्दी. वर्षभर रात्रंदिवस खपून विद्यार्थी मोटारीच्या एकेका नळीचे वजन मोजतात. परंतु ती ज्या वाहनातून जाणार त्याचा विचार निघण्यापूर्वी दोन दिवस होतो, आणि तोही फक्त भाड्याच्या अंगाने. वास्तविक त्या वाहनाची निवड आणि त्याची कागदपत्रे यांवर केवळ मोटारीचीच नव्हे, तर तिच्यासोबत जाणाऱ्या मुलांचीही सुरक्षितता अवलंबून असते.

प्रथम निवडीचा विचार करू. येथे बहुतेकांची दृष्टी वजनाकडे जाते आणि लांबीकडे दुर्लक्ष होते. विद्यार्थ्यांनी बांधलेली एका आसनाची फॉर्म्युला मोटार दोनशे ते तीनशे किलोग्रॅमच्या आसपास भरते. आपल्याकडे ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतात तो टेम्पो पाऊण टनाचा भार सहज नेतो, तेव्हा काम भागले असे वाटते. पण त्याचा हौदा जेमतेम सव्वादोन मीटर लांब, आणि मोटार पावणेतीन मीटरच्या घरात. मग मागचा फाळका उघडा टाकून, मोटारीचे नाक किंवा शेपूट बाहेर ठेवून प्रवास सुरू होतो. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९४ मध्ये अशा, हौद्याबाहेर डोकावणाऱ्या भारासाठी २०,००० रुपये दंड आणि शिवाय भार उतरविण्याचा खर्च अशी तरतूद आहे. दंडाचे एक वेळ सोडा. रात्रीच्या अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला हौद्याबाहेर आलेले ते बारीक नळ्यांचे टोक दिसत नाही, ही खरी धास्तीची बाब आहे.

नऊ ते दहा फूट हौद्याचे पिकअप वाहन अशा छोट्या मोटारीसाठी विचारात घेण्याजोगे; अर्थात हौदा आतून मोजून. प्रवासी मोटारीवरून तयार केलेली शर्यतीची गाडी न्यावयाची असेल, तर हिशेब बदलतो. आपल्याकडील लहान मोटारी चार मीटरच्या आत असतात, आणि चौदा फूट हौद्याची लांबी होते ४.२७ मीटर. म्हणजे पुढेमागे मिळून वीतभराहून थोडी अधिक जागा उरते. याहून आखूड हौदा घेऊ नये.

वजनाचा हिशेब नोंदणी प्रमाणपत्रावरूनच करावा, चालकाच्या तोंडी भरवशावर नव्हे. प्रमाणपत्रावर वाहनाचे भारासह एकूण वजन आणि रिकामे वजन असे दोन आकडे असतात. समजा, एकूण ३,००० व रिकामे १,७०० किलोग्रॅम आहे. तर १,३०० किलोग्रॅम वाहून नेता येतील असे वाटेल. परंतु कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालक व मदतनीस यांचे वजन धरलेले नसते. केबिनमध्ये तीन माणसे बसली की दोनशे किलो गेले. मग लोखंडी उतरंडी, जॅक, सुटी चाके, अवजारांच्या पेट्या, जनित्र आणि तंबू. मोटार स्वतः हलकी असते. तिचा संसार जड असतो. मर्यादा ओलांडली तर त्याच कलमाखाली २०,००० रुपये आणि जादा भाराच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे.

उतरंडीबाबत दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण शर्यतीच्या मोटारीची जमिनीपासूनची उंची काही वेळा तीनचार सेंटिमीटरच असते. हौदा जमिनीपासून नव्वद सेंटिमीटर उंच असेल आणि उतरंड तीन मीटरची असेल, तर चढ सुमारे साडेसतरा अंशांचा होतो व मोटारीचे पोट हौद्याच्या कडेवर टेकते. उतरंड सहा मीटरची केली तर तोच चढ साडेआठ अंशांच्या आसपास येतो. एवढी लांब फळी नेणे अवघड असते, म्हणून दोन तुकड्यांची उतरंड करावी किंवा मालधक्क्यासारख्या उंचवट्याला वाहन मागे लावावे. चढविल्यावर चारही चाके स्वतंत्र पट्ट्यांनी बांधावीत आणि पन्नासएक किलोमीटर गेल्यावर थांबून त्या पुन्हा आवळाव्यात. सुरुवातीच्या हादऱ्यांनी पट्टे हमखास सैल पडतात.

परदेशांतील छायाचित्रे पाहून अनेकांना जीपमागे जोडलेल्या ट्रेलरचे आकर्षण वाटते. ट्रेलर बुटका असतो, त्यामुळे मोटार चढविणे सोपे जाते, हे खरे आहे. परंतु कायद्याने ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश केला आहे. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी करावी लागते, त्याला मिळालेला क्रमांक त्याच्या बाजूवर लिहावा लागतो, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही त्या ट्रेलरवर दिसला पाहिजे. गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात जोडून घेतलेल्या ट्रेलरला विक्री प्रमाणपत्र नसते, रस्तायोग्यतेचा दाखला नसतो. त्याची नोंदणी होणार कशी? शिवाय ओढणाऱ्या वाहनाच्या उत्पादकाने ट्रेलर ओढण्याची किती क्षमता सांगितली आहे हे पाहावे लागते, आणि विम्याच्या कागदावर ट्रेलरचा उल्लेख असावा लागतो. मोटार ट्रेलरवर फार मागे बांधली की ट्रेलर शेपटासारखा डुलू लागतो आणि घाटाच्या उतारावर ओढणाऱ्या वाहनालाही ओढून नेतो. भाराचा तोल आसाच्या किंचित पुढे ठेवावा लागतो. हे सारे सांभाळण्याची तयारी नसेल त्याने ट्रेलरच्या वाटेस जाऊ नये, हे उत्तम. ज्याची तयारी आहे त्यानेही पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन, तो ट्रेलर कोणत्या प्रकारात नोंदला जाईल, हे विचारून घ्यावे.

आता नोंदणी. येथे एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे : ‘आम्ही कोणाकडून भाडे घेत नाही, आमचीच मोटार आमच्याच गाडीतून नेतो, मग गाडी खासगी नव्हे काय?’ १९३९ च्या जुन्या कायद्यात मालवाहू वाहनांचे सार्वजनिक व खासगी असे दोन भेद होते. त्याची ही आठवण असावी. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्यात तो भेद राहिला नाही. केवळ माल नेण्यासाठी बांधलेले वाहन हे मालवाहू वाहन होय, मग माल स्वतःचा असो वा परक्याचा. ते परिवहन वाहन म्हणूनच नोंदले जाते, त्याला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे लागतात, आणि योग्यता प्रमाणपत्राशिवाय ते रस्त्यावर आणता येत नाही. हे प्रमाणपत्र नव्या वाहनास दोन वर्षांचे मिळते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दर वर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

परवान्याच्या बाबतीत मात्र कायदा लहान वाहनांना सवलत देतो. भारासह एकूण वजन ३,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसेल, तर कलम ६६ अन्वये परवाना लागत नाही. ही सूट केवळ परवान्यापुरती आहे. नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि कर यांना ती लागू नाही. त्याहून मोठे वाहन परराज्यात न्यावयाचे तर राष्ट्रीय परवाना काढणे सोयीचे पडते.

कागदपत्रांची यादी वाटते तेवढी भीतिदायक नाही. नमुना २० मधील अर्ज, विक्रेत्याचे नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र, उत्पादकाचा नमुना २२ मधील दाखला, विमा, पत्त्याचा पुरावा आणि कर भरल्याची पावती. वाहन ताब्यात आल्यापासून सात दिवसांत अर्ज व्हावा, असा नियम आहे. संपूर्ण बांधणीसह अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या नव्या वाहनाची नोंदणी त्याच्यामार्फतच होते. परंतु नुसती चासी घेऊन हौदा दुसरीकडे बांधून घेतला असेल तर बांधणाऱ्याचा नमुना २२-अ मधील दाखलाही लागतो. तो दाखला मिळणार असेल तरच त्या कारागिराकडे काम द्यावे. हौदा स्वस्तात बांधून पुढे ‘पासिंग’साठी सहा महिने खेटे घालण्यापेक्षा ते केव्हाही परवडते.

जुने वाहन घेणाऱ्याने एक पथ्य पाळावे. त्यावर बोजा आहे काय, योग्यता प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, आणि प्रमाणपत्रावर लिहिलेला हौद्याचा प्रकार व समोर उभा असलेला हौदा एकच आहे काय, हे व्यवहारापूर्वी ताडून पाहावे. हौदा वाढविणे, कायमची उतरंड किंवा मोटार ओढून घेणारी विंच बसविणे हे बदल मालकाच्या मर्जीचे नाहीत. कलम ५२ त्यांवर बंधन घालते, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. सुटी, उचलून ठेवता येणारी उतरंड या भानगडीतून वाचविते.

चालकाच्या अनुज्ञप्तीविषयीचा जुना संभ्रम आता दूर झाला आहे. ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालविता येते, स्वतंत्र नोंदीची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. मात्र कायद्याने मुभा दिली म्हणून आदल्या रात्रीपर्यंत मोटारीखाली झोपून काम केलेल्या विद्यार्थ्याने पहाटे चाक हाती घ्यावे, असे नाही.

आणि आता सर्वांत गंभीर बाब. संघात पंधरा-वीस मुले असतात, केबिनमध्ये दोन-तीन मावतात. उरलेल्यांपैकी काही जण ‘मोटारीवर लक्ष ठेवायला’ म्हणून मागे हौद्यात बसतात. मोटार सुटली तर ती प्रथम कोणाच्या अंगावर जाईल, हे सांगावयास नको. त्याखेरीज, मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्या व्यक्तीच्या भरपाईची जबाबदारी कायद्याच्या सक्तीच्या विम्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरविले आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी याला १९९४ च्या सुधारणेने संरक्षण मिळाले. पण तोही केबिनमध्ये बसलेला असावा, असा अर्थ न्यायालयाने लावला आहे. तात्पर्य, हौद्यात बसलेल्या मुलाला अपघात झाला तर त्याच्या आईवडिलांनी भरपाई कोणाकडे मागावयाची? विमा कंपनी हात वर करील, आणि टेम्पोचा मालक बहुधा एकाच टेम्पोवर पोट भरणारा असेल. मुलांनी एस. टी. ने किंवा रेल्वेने जावे. केबिनमध्ये जो जाईल त्याच्याजवळ, आपण या मालाबरोबर जात आहोत, असे महाविद्यालयाचे पत्र असावे. खुद्द मोटारीचे नुकसान भरून मिळावे असे वाटत असेल तर मालवाहतुकीचा वेगळा विमा उतरावा लागतो; टेम्पोच्या विम्यात ते धरलेले नसते.

वर्षातून एकदोन फेऱ्या करणाऱ्या महाविद्यालयीन संघाने वाहन विकत घेण्याच्या भरीस पडू नये. कर, विमा, योग्यता तपासणी हा खर्च वाहन उभे असले तरी चालूच राहतो. हंगामभर शर्यतींत उतरणाऱ्या व्यक्तीने मात्र स्वतःचे वाहन घेऊन ते मालवाहू म्हणून नोंदवावे, हेच श्रेयस्कर. भाड्याचे वाहन ठरविताना नोंदणी, योग्यता, विमा, प्रदूषण आणि लागत असल्यास परवाना या कागदांच्या प्रती बयाणा देण्यापूर्वी मागून घ्याव्यात. निघण्याच्या दिवशी वाहन बदलून आले तर त्या पुन्हा पाहाव्यात, कारण ऐन वेळी दुसराच टेम्पो दारात उभा राहणे हा नित्याचा अनुभव आहे. मोटारीची टाकी रिकामी करून आणि बॅटरीची जोडणी काढूनच ती चढवावी. सोबत नेलेल्या सामानाची यादी व ‘विक्रीसाठी नाही, स्पर्धेसाठी’ असा स्पष्ट उल्लेख असलेले महाविद्यालयाचे पत्र दोन प्रतींत ठेवावे : एक केबिनमध्ये चालकाजवळ आणि दुसरी रेल्वेने पुढे गेलेल्या संघप्रमुखाजवळ.